गावच्या मंडपात मोठा अँप कशाला?

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. त्याच्याशिवाय वाजवलं तर गिटारचा जीवच जातो, दौऱ्यावर मोठा अँप हवाच, असं एका लेखात लेखकाचं म्हणणं आहे. मोठ्या शहरातल्या हॉलपुरतं मान्य. पण मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत ऑर्केस्ट्रात वाजवतो. इथलं गणित वेगळं आहे भाऊ. इथे मॉडेलर बरा, म्हणजे अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी छोटी पेटी.

वजन तर आहेच. फेंडर ट्विन रिव्हर्ब हा अँप जवळपास 29 किलोचा, क्वाड कॉर्टेक्स हा मॉडेलर 2 किलोच्या आत. पण खरी अडचण विजेची. एप्रिलमध्ये भीमजयंतीचा कार्यक्रम, सगळा मंडप एका जनरेटरवर. हॅलोजन लागले की व्होल्टेज धाडकन खाली येतं. व्हॉल्व्ह अँपमधल्या काचेच्या नळ्यांना पुरेशी ऊब मिळत नाही, आवाज बसतो, ऐन सोलोमध्ये दम निघून जातो. मॉडेलरचा अडॅप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्याला फरक पडत नाही. शिवाय अँपसमोर ठेवायला माइक आणायचा कुठून? साउंडवाल्याकडे गायकांनाच पुरत नाहीत. मॉडेलरची एक एक्सएलआर (माइकला लावतात तसली तीन पिनांची) वायर थेट मिक्सरला गेली की झालं.

फक्त मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू ठेवा, नाहीतर डिस्टॉर्शन डासासारखं कानात गुणगुणतं. हम (विजेची घुंघुं) आला तर मॉडेलरवरचं ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ वायरची ग्राउंड जोडणी तोडणारं बटण) दाबा.

लेखकाची एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी: पाठीमागे अँप नसला की स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही, आणि स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर सगळे गायकांकडे वळवलेले असतात. त्यासाठी मी 8 इंची पॉवर्ड स्पीकर सोबत नेतो, पायाशी तिरपा ठेवतो.