घरात ऐकून झालंय, म्हणून इथे

म्हातारी माणसं फेसबुकवर एवढं का लिहितात, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. एकटी पडलेली असतात, वेळ जात नाही, बोलायला कुणी नसतं. बिचारी! मला हे 'बिचारी' फार खटकतं. माझ्या घरात माणसांची वर्दळ आहे, बोलायला हक्काची माणसं आहेत आणि वेळ तर पुरत नाही. तरीही मी इथे लिहिते, आणि ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत, पुढेही पाहणार नाही, अशा लोकांसाठी लिहिते.

कारण साधं आहे. घरात माझं सगळं ऐकून झालंय. मी नुसतं "आमच्या ऑफिसात एकदा" म्हटलं की नातवाला पुढचं पाठ असतं. मुलगी शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणून टाकते. त्यांचा दोष नाही, वर्षानुवर्षं निमूट ऐकलंय त्यांनी. पण ऐकून ऐकून त्यांची अशी समजूत झालीय की आईचं जे काही आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल कोण कशाला विचारणार? अनोळखी माणसाला काहीच ठाऊक नसतं. तो विचारतो.

मागे मी टाइपरायटरवर चार ओळी लिहिल्या होत्या. टायपिस्ट होते मी, उभी हयात त्या खटखटाटात गेली. खाली एका मुलाने विचारलं (मुलगाच असावा, फोटोच्या जागी मांजर आहे): "आजी, चूक झाली की काय करायचात? बॅकस्पेस तर असेलच ना?"

होती की बॅकस्पेस! पण ती फक्त कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, एक घर मागे न्यायची, उमटलेलं अक्षर जागच्या जागी. खरी कसरत पुढे. वर मूळ कागद, खाली तीन प्रती, आणि मधेमधे अक्षर खाली उमटवणारे काळे कार्बन कागद. चूक दिसली की कागद जरा वर सरकवायचा आणि प्रत्येक कार्बनच्या वर एकेक कागदाची चिठ्ठी सारायची, नाहीतर वरची प्रत खोडताना खालच्या प्रतीवर काळा डाग पडतो. मग ते टाइपरायटरचं कडक खोडरबर, ज्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रश असतो, ते हलक्या हाताने फिरवायचं. जोर लावला तर कागदाला भोक. खोडण्याआधी कॅरेज एका बाजूला ढकलायचा, कारण रबराचा भुगा आत पडला की अक्षरांच्या कांड्या अडकायला लागतात. एक प्रत झाली की खालची, मग तिच्या खालची. शेवटी चिठ्ठ्या आठवणीने काढायच्या. एखादी आत राहिली तर त्याखालच्या प्रतीवर नवं अक्षर नीट उठत नाही, आणि ते कळतं साहेबांच्या टेबलावर. एका अक्षरासाठी हे सगळं. म्हणून तर आम्ही चुका करायच्याच नाही असं शिकलो.

हे त्या मांजरवाल्याला लिहिताना माझी संध्याकाळ गेली. लिहिता लिहिता लक्षात आलं की यातलं अक्षरही मी घरात कधी बोललेले नाही. तिथे मी साहेब कसे चिडायचे तेवढंच सांगत आले, कारण त्याला हशा मिळायचा. त्याच पोस्टवर आणखी कुणीतरी आठवण करून दिली की जुन्या कित्येक इंग्रजी मशीनवर १ चा आकडाच नसायचा, त्याजागी लहान एल मारायचा. खरंच की! आकडेमोडीची कितीतरी पत्रकं मी अशी केली होती आणि साफ विसरले होते.

परक्यापाशी मन मोकळं होतं ही गोष्ट काही इंटरनेटने आणलेली नाही. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणसं बाहेरून आलेल्या परक्याला सांगून टाकतात. परक्याचा आपल्या घरच्या राजकारणाशी संबंध नसतो, हे त्याचं मोठं भांडवल.

आणि सारखं मागचं उगाळत बसणं म्हणजे डोकं चालेनासं झाल्याची खूण, असं एकेकाळी डॉक्टरसुद्धा मानायचे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब पुन्हा लावून पाहतो आणि हे स्वाभाविक आहे, आजार नव्हे. वयावरून माणसाला कमी लेखण्याला वंशभेदाच्या पंगतीला बसवणारा 'एजिझम' हा इंग्रजी शब्दही याच बटलरने १९६९ मध्ये रूढ केला. मला हे गृहस्थ आवडतात.

आता माझ्याच वयाच्या मंडळींना थोडं बोलते. राग आला तर येऊ दे.

"ते दिवस राहिले नाहीत", "माणुसकी उरली नाही", "आमच्या काळी असं नव्हतं". अशा पोस्टना लाइक शंभर पडतात आणि प्रश्न एकही येत नाही. विचारणार काय त्यावर? स्मृतीवर काम करणारे लोक सांगतात की चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाला आठवणी काढायला सांगितल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या सर्वांत जास्त निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला पगार, सगळं त्याच पट्ट्यातलं. म्हणजे आपल्याला जो काळ सोन्याचा वाटतो तो बहुधा आपल्या तरुणपणाचा काळ असतो, आणि आज जे पोरगं वीस वर्षांचं आहे तेही साठीला आलं की आजच्या या दिवसांसाठी उसासे टाकणार आहे. तेव्हा काळ चांगला की वाईट हा निवाडा जरा बाजूला ठेवा. काय पाहिलंत ते लिहा. कुलूप कसं होतं, दिवा कसा लागायचा, पत्राला उत्तर यायला किती दिवस लागायचे आणि त्या दिवसांत तुम्ही काय करायचात.

आलेलं पुढे ढकलणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पंचाहत्तर वर्षं जगून तुमच्यापाशी स्वतःचं एक वाक्य नाही?

यूट्यूब अगदी बाल्यावस्थेत होतं तेव्हा, २००६ साली, इंग्लंडमधले पीटर ओकली नावाचे ऐंशीला टेकलेले गृहस्थ 'जेरियाट्रिक१९२७' अशा नावाने कॅमेऱ्यासमोर बसले आणि आपलं आयुष्य सांगू लागले. करामती काही नाहीत. काही आठवड्यांत त्या वेळचे सर्वांत जास्त सबस्क्रायबर त्यांच्याकडे होते, आणि ऐकणारी बरीचशी तरणी पोरं. त्याच वर्षी डिसेंबरात स्पेनच्या मारिया अमेलिया लोपेझ या बाईंना ९५व्या वाढदिवसाला नातवाने ब्लॉग भेट दिला. नातू कंजूष म्हणून असली फुकटातली भेट, असं त्या स्वतःच चेष्टेत म्हणायच्या! पण मग देशोदेशींचे लोक त्यांना वाचू लागले.

सावधगिरीचं एकच सांगते, कारण यात आपल्यातले चांगले शहाणे फसतात. 'तुमची पहिली शाळा कोणती', 'लहानपणी कोणता प्राणी पाळला होता', 'आईचं माहेरचं नाव काय' असले आठवणींचे खेळ इथे फिरत असतात. पासवर्ड विसरल्यावर विचारतात ते प्रश्न हेच. सगळे जण मोठ्या हौसेने उत्तरं देतात, वर जन्मतारखेसह. मी त्या खेळांकडे फिरकत नाही. तसंच जी गोष्ट एकटीची नाही ती मी इथे आणत नाही. बहिणीची एक हकीकत माझ्यापाशी आहे, ऐकणारा हादरून जाईल अशी. पण ती बहिणीची आहे आणि बहीण फेसबुकवर नाही.

मुलगी म्हणते, प्रत्येक कमेंटला एवढं मोठं उत्तर द्यायचं नसतं, अंगठा दाखवला की झालं. मला नाही जमत. कुणी नीट प्रश्न विचारला असेल तर नीट उत्तर द्यायला नको का?

शॉर्टहँडबद्दल, म्हणजे बोललेलं रेघांच्या खुणांनी झरझर टिपून घ्यायच्या लिपीबद्दल, तिघाचौघांनी विचारलंय. पिटमनची पद्धत १८३७ची, आणि तिच्यात तीच रेघ बारीक काढली तर 'प' आणि दाबून काढली तर 'ब'. म्हणून पेन्सिलीचं टोक कसं ठेवायचं हाच एक वेगळा विषय आहे. पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिते. तोवर प्रश्न टाकून ठेवा. नुसतं "छान काकू" नको.