"दूध-दही सोडलं तर मराठी माणसाने खायचं काय?" या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तीनदा आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की व्हीगन होणं, म्हणजे दूध-दही-अंडी-मांस असं प्राण्यांपासूनचं काहीच न खाणं, हे श्रीमंतांचं फॅड आहे, त्याला बदामाचं दूध आणि इम्पोर्टेड टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) लागतो, दही गेलं की आपलं जेवणच संपलं, अंड्याशिवाय केक फुगत नाही, सोया खाल्लं की पुरुषांत बायकी हार्मोन वाढतात आणि दुधाशिवाय हाडं ठिसूळ होतात. मी पाच वर्षांपूर्वी दूध सोडलं, घरी बाकीचे खातात, आणि ओट्यापाशी रोज मीच असते, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिलं, महाग सामान. बदामाचं दूध महाग आहे हे खरंय, पण ते घ्याच कशाला? विकतच्या बदाम दुधात कपाला जेमतेम १ ग्रॅम प्रोटीन असतं, गाईच्या दुधात ६-७ ग्रॅम, आणि सोयाच्या दुधात जवळपास दुधाइतकंच. लोक एका पांढऱ्या पातळ गोष्टीच्या जागी दुसरी पांढरी पातळ गोष्ट ठेवतात आणि मग म्हणतात अंगात ताकद राहिली नाही. आधी बघायचं की त्या पदार्थात दूध नेमकं कशासाठी होतं. चहात ते दाटपणासाठी असतं, तिथे १५-२० काजू भिजवून कपभर पाण्यात एकदम बारीक वाटले की झालं, गाळायलाही लागत नाही, फक्त चहा उकळून गॅस बंद केल्यावर शेवटी घालायचं. आलं घातलेल्या चहात सोयाचं दूध उकळलं तर हमखास फुटतं, तिथेच निम्मे लोक कंटाळून सोडून देतात. आणि गोडाच्या पदार्थात तर कोकणाने आधीच उत्तर देऊन ठेवलंय, शिरवाळे काय, खापरोळी काय, सगळं नारळाच्या रसात आणि गुळात. सोलकढीत कधी दूध होतं का? आमसूल आणि नारळ, बस.

आता दही, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. शेंगदाण्याचं दही उत्तम लागतं आणि दाणे आपल्या प्रत्येकाच्या डब्यात असतात. एक वाटी दाणे ६-७ तास भिजवायचे, चोळून सालं काढायची, तीन वाट्या पाणी घालून वाटायचे आणि पंच्यातून गाळायचं. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं, खाली लागतं पटकन, मग बोट सोसेल इतकं कोमट झालं की त्यात ५-६ हिरव्या मिरच्या देठांसकट टाकून झाकून ठेवायचं. देठांवरचे जिवाणू विरजणाचं काम करतात. पहिला घाणा रवाळ होतो, वर पाणी सुटतं, ते बघून टाकून देऊ नका, त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला विरजण लावा, दुसरं-तिसरं दही छान घट्ट लागतं. चोथा थालीपिठात जातो. सासूबाईंनी पहिल्यांदा चाखलं तेव्हा म्हणाल्या, "आंबट बरोबर झालंय गं, पण साय कुठाय?" साय नाहीये हे खरंय आणि ती येणारही नाही. पण काकडीची कोशिंबीर, ताक, बेसन लावून केलेली कढी, यात त्यांनी नंतर कधी विचारलं नाही.

तुपाबद्दल मात्र मी खोटं बोलणार नाही. गरम वरण-भातावरच्या साजूक तुपाचा वास दुसऱ्या कशालाच येत नाही. मी वरण-भातावर लिंबू आणि घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल घेते, ती वेगळी चव आहे आणि मला आता आवडते, पण "अगदी तुपासारखं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बेसनाच्या लाडवात तूप वळायला आणि थिजायला लागतं, तिथे बिनवासाचं खोबरेल चालतं. ते साधारण २४-२५ अंशाला वितळतं, म्हणून दिवाळीच्या थंडीत लाडू मस्त बसतात आणि मे महिन्यात मऊ पडतात, तेव्हा फ्रिजमधे ठेवा.

अंड्याचं फार सोपं आहे. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड, तसेच तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की चिकट होतं, साध्या केकला, कुकीजना पुरतं, स्पंज केकला नाही. आणि आपलं टोमॅटो ऑम्लेट कित्येक वर्षं बेसनाचंच आहे की! त्यात चिमूटभर काळं मीठ घाला, त्यातल्या गंधकामुळे अंड्यासारखा वास येतो.

सोयाचा मुद्दा मला जास्त लागतो, कारण सोयाबीन आपल्याच लातूर-वाशिमच्या शेतात पिकतं आणि आपणच त्याला घाबरतो. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित आढावे २०१० मधे आणि पुन्हा २०२१ मधे प्रसिद्ध झाले, दोन्हींत सोयामुळे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी झाल्याचं दिसलं नाही. हां, थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवा, गोळी नीट शोषली जात नाही. सुक्या सोया चंक्समधे १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे ३० ग्रॅमची मूठ भिजवली तरी १५ ग्रॅम. मिठाच्या पाण्यात उकळून दोन-तीनदा धुवून घट्ट पिळा, नाहीतर तो विचित्र वास राहतो. उलट मटणाऐवजी फणस खाणाऱ्यांना सांगायचंय की कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी रेशाला मटणासारखी लागते, पण प्रोटीन अगदीच किरकोळ, सोबत उसळ हवीच.

हाडांचं म्हणाल तर १०० ग्रॅम नाचणीत ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधात १०० ग्रॅमला साधारण १२०. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, मोड आणून दळली तर जरा जास्त लागतं. दिवसाला मोठ्या माणसाला १००० मिलिग्रॅम लागतं, तेव्हा एका भाकरीवर भागत नाही, राजगिऱ्याची पालेभाजी, तिळाची चटणी, कॅल्शियम घालून थिजवलेला टोफू असं सगळं मिळून जमवावं लागतं. म्हणजे होतं, पण आपोआप होत नाही.

आणि आता आमच्याच बाजूच्या लोकांना एक. त्या मेसेजच्या खाली उत्साहाने लिहिलं जातंय की बी१२ जीवनसत्त्व स्पिरुलिनातून (शेवाळाच्या हिरव्या पुडीतून) मिळतं, इडलीच्या पिठातून मिळतं. कृपा करून असं पसरवू नका. स्पिरुलिनात बहुतेक करून बी१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीराला न चालणारं रूप असतं, आणि आंबवलेल्या पिठावर विसंबता येत नाही. या एकाच गोष्टीला आपल्या स्वयंपाकघरात पर्याय नाही, गोळी घ्यावीच लागते. पण हा फक्त व्हीगन लोकांचा प्रश्न आहे असंही समजू नका, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी१२ कमी होतं आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. माझंही कमी निघालं ते दूध पीत होते तेव्हाच. रक्त तपासा, किती आणि किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांना ठरवू दे, आणि दुकानात कॅप्सूल न मागता साधी गोळी मागा, कारण कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं.