लिनक्सवर वायफाय चालत नाही म्हणे! कोणत्या कार्डाचं?

"लॅपटॉपवर लिनक्स टाकायच्या भानगडीत पडू नका. वायफाय चालतच नाही. ड्रायव्हर नेटवरून घ्यावा लागतो आणि नेटसाठीच ड्रायव्हर लागतो. चाललंच तर रेंज अर्धी. कार्ड कायमचं खराब होतं, मग विंडोज टाकलं तरी सुधारत नाही. उपाय एकच, इंटेलचं कार्ड बसवा. खेड्यात तर कोणाच्या बापाला जमणार नाही."

हा मेसेज मला आतापर्यंत दहाएक जणांनी पाठवला. त्यातल्या तिघांचे लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर आहेत, मीच टाकून दिलेलं. मेसेज पाठवला तेव्हाही ते वायफायवरच असतील.

२०२५च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि आमच्या दारव्हा तालुक्यात जुन्या लॅपटॉपांचा प्रश्न उभा राहिला. पोरांकडची मशीनं बहुतेक नागपूरच्या सीताबर्डीवरून नाहीतर अमरावतीहून आणलेली, ऑफिसांनी काढून टाकलेली, इंटेलच्या पाचव्या-सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची. विंडोज ११ त्यांना दारातही उभं करत नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मिंट हा लिनक्सचा प्रकार टाकून द्यायचं काम वाढलं ते तेव्हापासून. तर आता एकेक मुद्दा घेऊ.

"वायफाय चालतच नाही." हे वाक्य कधीकाळी बऱ्यापैकी खरं होतं. वायफायचं कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो, आणि कार्डाची चिप बनवणारी ब्रॉडकॉम कंपनी चिपची माहिती द्यायला तयार नव्हती. तेव्हा हौशी लोकांनी कंपनीचाच बंद ड्रायव्हर उसवून, तो कार्डाशी काय बोलतो ते तपासून उलट्या बाजूने ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली लिनक्सच्या २.६.१७ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आला. ज्यांना तोही चालला नाही ते एनडिसरॅपर वापरायचे, म्हणजे विंडोज एक्सपीचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायचा. चाललं तर नशीब. पण जानेवारी २००८च्या २.६.२४ कर्नलमध्ये इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर आला, त्याच वर्षी अथेरॉस कंपनीच्या कार्डांचा एटीएच९के आला, आणि सप्टेंबर २०१०मध्ये खुद्द ब्रॉडकॉमने काही चिपांचा ड्रायव्हर खुला केला. मेसेजवाले तेव्हाचं पंचांग उघडून आजचा मुहूर्त काढतात.

आज बहुतेक कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. म्हणून "लिनक्सवर वायफाय चालतं का" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कार्ड कोणतं, ते विचारा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून 'एलएसपीसीआय डॅश एनएनके' ही आज्ञा द्या. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात एक जोडनंबर दिसेल. त्याचा पहिला भाग ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. त्याच्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही लिहिलेलं असतं. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. ओळ असूनही वायफाय नसेल, तर भानगड दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगतो. दिवाळीनंतर एक काका मुलीचा लॅपटॉप घेऊन आले. पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. "भाऊ, वायफाय दिसूनच नाही राह्यलं. मेसेजात होतं तसंच झालं पाय." नंबर पाहिला तर ८०८६, ड्रायव्हर जागेवर. मग वायफाय कुठे अडवलंय ते सांगणारी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली. सॉफ्ट ब्लॉकसमोर 'नो', हार्ड ब्लॉकसमोर 'यस'. सॉफ्ट ब्लॉक असता तर आज्ञेने सुटला असता, हार्ड ब्लॉक म्हणजे खटका. लॅपटॉप उलटा केला. समोरच्या कडेला नखाएवढा सरकता खटका होता आणि त्याच्या खाचेत कापसाचे तंतू घट्ट बसलेले. त्यांच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, लॅपटॉप त्याच्याच शेजारी ठेवत होते. टाचणीने तंतू काढले, खटका सरकवला, वरच्या कोपऱ्यात पंखा उघडावा तसं वायफायचं चिन्ह उघडलं. काका म्हणाले, "एवढंच होतं काय? मी तं विकाले काढला होता."

दुसरा मुद्दा, नेटसाठी ड्रायव्हर आणि ड्रायव्हरसाठी नेट. हा ऐकायला फार हुशार वाटतो. पण खिशातला फोन आहे ना! अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं, की फोन वायफायला जोडलेला असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आमच्याकडे टॉवरची रेंज पाऊस बघून येते, म्हणून याचं मोल जास्त.

पुष्कळदा ड्रायव्हर हजर असतो, फर्मवेअरची, म्हणजे खुद्द कार्डात चढवायच्या प्रोग्रॅमची फाइल नसते. 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत 'फेल्ड विथ एरर वजा २' असं दिसलं की घाबरू नका, वजा २ म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारवाले तत्त्व म्हणून ही बंद (कंपनीने कोड खुला न केलेली) फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत, त्यामुळे कोरं डेबियन टाकणारे हमखास अडकायचे. जून २०२३च्या डेबियन १२पासून ती इन्स्टॉलरमध्येच येते. मिंटमध्ये ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर लागला तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच परत लावा, ड्रायव्हर मॅनेजर त्यातून उचलतो.

"रेंज अर्धी." हा मुद्दा मी पूर्ण खोडणार नाही, कारण यात मी स्वतः आठवडा घालवला आहे. रिअलटेकचं आरटीएल ८७२३बीई कार्ड. राउटरशेजारी फुल्ल कांड्या, अंगणात गेलं की शून्य, आणि विंडोजवर तेच मशीन अंगणातून छान चालायचं. मी राउटरला शिव्या दिल्या, भिंतीला दिल्या. मग लॅपटॉप उघडला. कार्डावर अँटेनाच्या दोन जागा, वायर एकच. म्हणजे वायर एका जागी आणि ड्रायव्हर कान लावून बसलेला दुसऱ्या रिकाम्या जागेवर. ड्रायव्हरच्या सेटिंगच्या, म्हणजे मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक ओळीची फाइल करून 'अँट अंडरस्कोर सेल' हा अँटेना निवडायचा पर्याय २ केला (काही मशीनवर १ लागतो), रीस्टार्ट केलं आणि पोरगा लॅपटॉप घेऊन थेट गोठ्यापर्यंत गेला. वायरीची काटकसर लॅपटॉप बनवणाऱ्याची, बोल मात्र लिनक्सला.

रेंजच्या बाकी तक्रारींत बहुतेक वेळा राउटरच्या नावापुढे '५जी' असतं. जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, त्याला ते नाव कधीच दिसणार नाही, विंडोजवरही नाही. क्वचित राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर बसतो आणि लॅपटॉपला आपण कोणत्या देशात आहोत ते ठाऊक नसतं, म्हणून तो तिकडे बिचकत जातो. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' म्हटलं की त्याला कळतं.

"कार्ड कायमचं खराब होतं." नाही होत. फर्मवेअर दर वेळी मशीन सुरू होताना कार्डाच्या तात्पुरत्या मेमरीत चढवली जाते, वीज गेली की ती गेली. लिनक्स कार्डावर कायमचं काही कोरून ठेवत नाही. लोकांना हा भास का होतो, ते मात्र समजू शकतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असली आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं, की शटडाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही आणि कार्ड कधीकधी अर्धवट झोपेत राहतं. मग लिनक्समध्ये ते सापडत नाही. फास्ट स्टार्टअप बंद करा, एकदा पूर्ण शटडाउन करा, जमल्यास बॅटरी काढून लावा.

"इंटेलचं कार्ड बसवा." हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला, पण पैसे दुसऱ्याचे. एएक्स २०१ हे कार्ड खाचेत बसतं, तरी त्याचा अर्धा कारभार इंटेलच्या प्रोसेसरकडे असतो. एएमडीच्या मशीनमध्ये ते मुकं राहतं, तिथे एएक्स २००च हवं. शिवाय एचपी-लेनोवोच्या कितीतरी जुन्या मॉडेलांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. आणि कार्ड बदलायच्या आधी कर्नल बदलून बघावा. रिअलटेकचं आरटीएल ८८२१सीई २०२०च्या मिंट २०वर आपोआप चालत नव्हतं, कारण त्यात ५.४ कर्नल होता आणि ड्रायव्हर आला ५.९मध्ये. मिंट २२ला ६.८ आहे. तेव्हा हात पोळलेले अजून तीच गोष्ट सांगत फिरतात.

स्वस्तातला यूएसबी डोंगल घेणाऱ्यांसाठी एक गंमत. काही डोंगल लावल्यावर वायफायऐवजी सीडी म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर. ती सीडी 'इजेक्ट' करा, मग तो डोंगल वायफाय होतो.

खरी डोकेदुखी कुठे आहे, ते मेसेजवाल्यांनी लिहिलंच नाही. कर्नलबाहेरून आणलेला ड्रायव्हर. असा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर नव्याने बांधला जातो, आणि नाही बांधला गेला तर सकाळी वायफाय गायब. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची डिजिटल सही नसलेलं काही चालू न देणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पोरं घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात, आणि सहीची नोंद नसलेला ड्रायव्हर कर्नल घेत नाही. अशी कार्डं मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो, की बाबा, याला अधूनमधून घेऊन यावं लागेल.

राहिला खेड्याचा मुद्दा. आज्ञा यवतमाळातही तीच आणि पुण्यातही तीच. आमच्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दुकानात येताना लोक टेदरिंगसाठी जी केबल आणतात ती नुसती चार्जिंगची निघते, तिच्यातून डेटा जातच नाही, आणि मग अर्धा तास आम्ही दोघं फोनकडे बघत बसतो. येण्याआधी घरी त्या केबलने फोनमधला एक फोटो कोणत्याही कॉम्प्युटरवर घेऊन बघा. फोटो गेला तर तीच आणा.