आपल्याकडे पंक होतं, हॉल नव्हता

मुंबईतल्या पंक-हार्डकोर संगीताचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, ज्यांना असं काही होतं हेच माहीत नाही. दुसरी माझ्या वयाची. ती उसासा टाकतात आणि ठरलेलं निदान सांगतात: "लोकांना बॉलिवूडच हवं होतं गं, म्हणून आपलं संपलं."

मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. आपली सगळ्यात भारी हार्डकोर मंडळी तर बॉलिवूडच कोळून प्यायलेली होती. स्क्राइब या मुंबईच्या बँडने २०१० च्या अल्बमचं नाव 'अंदाज अपना अपना'मधल्या तेजावरून ठेवलं, २०१४ च्या अल्बमचं मोगॅम्बोवरून. गाण्याच्या मधे फिल्मी डायलॉग, त्यावर शंभरेक पोरांचा एकसुरात कल्ला आणि पुढच्याच क्षणाला छातीत धडकणारा ब्रेकडाउन. हे ऐकून "पब्लिकला कळत नव्हतं" म्हणणाऱ्याने पब्लिक बघितलंच नव्हतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि भरपूर राग. हार्डकोर म्हणजे त्याचंच आणखी वेगवान, आणखी चिडकं भावंड. गाणं दीड-दोन मिनिटांचं, मधेच लय एकदम जड आणि संथ होते, तो ब्रेकडाउन. कोरस आला की माईक सरळ प्रेक्षकांत. मुंबईत निव्वळ पंक वाजवणारे बँड बोटांवर मोजण्याइतके: रायट पेडलर्स, लाइटइयर्स एक्स्प्लोड, आणखी काही. त्यांना आसरा दिला तो मेटलवाल्यांनी. भयानक मौत, डेमॉनिक रिझरेक्शन यांचं संगीत वेगळं होतं, पण ऐकणारे तेच, भाड्याने घेतलेला ॲम्प तोच आणि रात्री परतायची लोकलही तीच.

मी डोंबिवलीची. गिगला, म्हणजे या बँडच्या कार्यक्रमांना, जायला लागले तोवर रंगभवन संपलेलं होतं. धोबी तलावला, झेवियर्सच्या शेजारी, ते उघडं नाट्यगृह. जॅझ यात्रा तिथे झाली, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल तिथे झालं. मोठ्या मामेभावाकडून त्याच्या इतक्या कथा ऐकल्यात की मी तिथे होते असंच कधी कधी वाटतं. मग २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रंगभवनाच्या भिंतीलाच कॉलेज आणि हॉस्पिटलंही हाकेच्या अंतरावर. खेळ खल्लास.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्याचा बाप शेजारच्या जीटी हॉस्पिटलात ॲडमिट आहे त्याला माझं संगीत ऐकायची सक्ती का? पण एक जागा काढून घेतली तर दुसरी द्यावी, एवढं तरी कुणाला सुचायला हवं होतं. सणांसाठी वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट मिळते. आमचा कुठलाच सण नव्हता.

त्यामुळे सगळं गेलं बारमध्ये. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनॉसेरस, अंधेरीचं बी-६९, लोअर परळचं ब्लू फ्रॉग. या जागांनी बँडना स्टेज दिलं हे उपकारच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बार चालतो दारूवर, आणि महाराष्ट्रात कडक दारूचं वय २५, सौम्य बिअरचं २१. हे संगीत सोळाव्या वर्षी डोक्यात घुसतं. बाप ओरडतो, बारावीचे क्लास चालू असतात, आरशात बघवत नाही, तेव्हा. नेमकी तीच पोरं दाराबाहेर. आत कोण, तर नोकरीला लागलेली, तीनशे रुपयांची बिअर परवडणारी, आणि मुख्य म्हणजे रात्री उशिरा घरी जाऊ शकणारी मंडळी.

म्हणजे बहुतेक करून मुलगे. मुली का नव्हत्या यावर मी मोठमोठ्या चर्चा ऐकल्यात. संगीत आक्रमक आहे म्हणे, पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर नाचणाऱ्या गर्दीत, धक्काबुक्की होते म्हणे. अहो, डोंबिवली फास्ट रोज पकडणाऱ्या बाईला धक्काबुक्कीचं कसलं भय घालता? उलट पिटइतकी शिस्त मी फलाटावर कधी पाहिली नाही. कुणी पडलं की चार हात लगेच उचलतात. एकदा माझा चष्मा उडाला. घामाने निथळणाऱ्या एका अनोळखी धिप्पाड पोराने तो उचलून हात उंच धरला आणि मी पोचेपर्यंत आजूबाजूच्या गोंधळात खांबासारखा उभा राहिला. चष्म्याची एक काडी वाकली होती, तीही त्याने माझ्यासमोर दाताने सरळ करून दिली. (का दाताने, विचारू नका.)

अडचण होती घड्याळाची. पोस्टरवर आठ लिहिलेलं, साउंडचेकच नऊला, आणि जो बँड बघायला आलोय तो साडेदहाला स्टेजवर. जुहूहून रिक्षा, अंधेरीहून दादर, दादरला पूल ओलांडून सेंट्रल, आणि मग शेवटच्या गाड्यांपैकी एक. मी बहुतेक सेट अर्धेच बघितलेत. रात्रीच्या लेडीज डब्यात ड्युटी संपवून निघालेल्या नर्स, केटरिंगच्या बायका, दाराशी पेंगणारा पोलीस, आणि कोपऱ्यात थुंकी लावून मनगटावरचा बारचा शिक्का घासणारी मी. दिवा स्टेशन येईपर्यंत तो शिक्का पुसला गेला पाहिजे असा माझा नियम होता. आई मनगट बघायची.

या शिक्क्यावरून वॉशिंग्टनची गोष्ट सांगते. १९८० मध्ये टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड कॅलिफोर्नियाला जाऊन आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये त्यांच्या हातावर मार्करने मोठा एक्स काढला होता: हे अल्पवयीन आहेत, आत येऊ द्या, दारू देऊ नका. पोरांनी घरी परतून आपल्या शहरातल्या क्लबवाल्यांना हीच युक्ती सुचवली. पुढे तो एक्स जगभरच्या हार्डकोर पोरांनी मिरवला. बँड मोडला तेव्हा गल्ल्यात साठलेल्या पैशातून त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली, आणि तिथून डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. त्यातल्याच इयन मकायचा नंतरच्या काळातला बँड फुगाझी, १९८७ पासूनचा. तिकीट पाच डॉलरच्या आसपास, वयाची अट नाही, आणि जमेल तिथे चर्चचे आणि वस्तीतले हॉल. तिथली पोरं आपल्यापेक्षा फार गुणी होती असं मला वाटत नाही. त्यांनी दार आणि तिकीट स्वतःच्या हातात ठेवलं, एवढंच.

आणि हे शिकायला अमेरिकेत जायचीही गरज नव्हती. दादर स्टेशनवर उतरून पाच मिनिटं चालायचं होतं.

१९७४ पासून छबिलदास शाळेच्या वरच्या हॉलमध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी प्रायोगिक नाटक जगवलं. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे. साधी शाळा, साधा हॉल. वर्गातली बाकं, खालून येणारा बाजाराचा आवाज, आणि त्यात तेंडुलकर, एलकुंचवार. नाटक पडलं तर पडलं, पुढच्या आठवड्यात दुसरं. त्याच्याही आधी आपल्या कवींनी सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं काढली, प्रकाशकाच्या दारात न जाता. परदेशात पंकवाल्यांच्या फॅनझीनवर, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांवर, आता प्रबंध लिहितात. आपल्याकडे तो उद्योग पंक जन्मायच्या वीस वर्षं आधी सुरू झाला होता, आणि आमच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंचा दोष आहे. मराठीवाल्यांना आम्ही "बांद्र्याची इंग्रजाळलेली पोरं" वाटायचो. त्यांनी एकदा शेवटच्या कर्जत लोकलमध्ये डोकावायला हवं होतं, अर्धा पिट तिथे झोपलेला असायचा. आणि आम्हाला मराठी म्हणजे घरचं, आईवडिलांचं, म्हणून ऐकायचंच नव्हतं. ज्या शहरात १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' येऊन गेला, त्या शहरातल्या पंक गिगला मराठीत ओरडणारा एकही बँड मला आठवत नाही. याची मला खरंच लाज वाटते.

लोअर परळचं तर विचारूच नका. ब्लू फ्रॉग मथुरादास मिलच्या आवारात होतं, २००७ पासून २०१६ पर्यंत. आवाज उत्तम, दिवे उत्तम. तिथे एकदा एका बँडचा गायक श्रीमंतांच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि आम्ही मुठी वळून नाचत होतो. माझे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते परत आत गेलेच नाहीत. त्यांची गिरणी वेगळी, पण आवार याच पट्ट्यातलं. मी मात्र कव्हर चार्ज भरून आत गेले होते. तेव्हा काही सुचलं नाही, नाचले. आता तो गायक भेटला तर विचारेन, तुला माहीत होतं का रे आपण कुठे उभे होतो?

मग मोठे फेस्टिव्हल आले. पुण्यात २०१० ला एनएच७ वीकेंडर सुरू झालं. बँडना नीट पैसे मिळायला लागले, चांगला साउंड मिळाला, आनंदच आहे. पण नव्या बँडला आधी वाईट वाजवायला जागा लागते. तीस लोकांसमोर, दर पंधरा दिवसांनी, तार तुटली तर सगळ्यांनी हसून थांबायचं, अशी. वर्षातून एकदा भरणाऱ्या फेस्टिव्हलमध्ये ते होत नाही, आणि ज्या बारचा त्या रात्रीचा गल्ला तुमच्यावर अवलंबून आहे तिथे तर नाहीच. गर्दी आली नाही की पुढच्या महिन्यात तारीख नाही, हा साधा हिशोब. बारमालकाचं त्यात चुकत नाही. पण त्या हिशोबात सतरा वर्षांचा ड्रमर बसत नाही.

आज पोरांकडे लॅपटॉपवर अख्खा स्टुडिओ आहे. माझी भाची बेडरूममध्ये गाणी रेकॉर्ड करते आणि ती खरंच चांगली आहेत. तिने आजवर एकही गाणं माणसांसमोर वाजवलेलं नाही. "कुठे वाजवू, मावशी?" म्हणते. ती सतराची आहे.

तर डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणवाल्यांनो, कुणाच्या ओळखीत वाचनालयाचा, शाळेचा, ज्ञातीच्या मंडळाचा हॉल असेल तर कळवा. रविवार दुपार, चार ते आठ. दारू नाही, वयाची अट नाही, तिकीट पन्नास रुपये. दारं-खिडक्या बंद ठेवू, आठला प्लग काढू. शेजारच्यांशी आधी जाऊन मी स्वतः बोलेन, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. ड्रमकिटची सोय झाली आहे. ॲम्प मात्र एकच आहे आणि तो गरम झाला की बंद पडतो.