‘बाइंड ट्रू आलं म्हणजे पासवर्ड बरोबर’ हे खरं नाही

एलडॅप सर्व्हरशी (संस्थेतल्या युजरची खाती आणि पासवर्ड जिथे ठेवलेले असतात तो सर्व्हर) ॲप्लिकेशन जोडताना एक सल्ला सर्रास दिला जातो: कनेक्ट करा, एरर आली नाही म्हणजे सर्व्हर चालू आहे. युजरच्या पासवर्डने बाइंड करा (म्हणजे सर्व्हरला ओळख पटवून द्या), ट्रू आलं म्हणजे पासवर्ड बरोबर. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आडवं आलं तर ती तपासणी बंद करा, सर्व्हर आतल्याच नेटवर्कवर आहे. यातलं एकही विधान टिकत नाही आणि मधलं तर सरळसरळ धोक्याचं आहे.

कनेक्टचं आधी. पीएचपीमधलं ‘एलडॅप_कनेक्ट’ प्रत्यक्षात काही जोडत नाही. पत्ता नीट लिहिलाय का एवढं बघून ते हँडल, म्हणजे पुढच्या कॉलमध्ये वापरायचा संदर्भ, देतं. सॉकेट, म्हणजे खरं कनेक्शन, उघडतं पुढच्या कॉलला, बहुधा बाइंडच्या वेळी. म्हणजे सर्व्हर बंद असला तरी तुमच्या लॉगमध्ये ‘कनेक्शन यशस्वी’ असंच उमटणार.

आता बाइंड. युजरनेम भरलेलं आहे, पासवर्डचा रकाना रिकामा आहे आणि कोडने तसंच सर्व्हरकडे पाठवलं. २००६ च्या आरएफसी ४५१३ मध्ये (एलडॅपच्या प्रमाणित नियमांच्या दस्तऐवजात) या प्रकाराला वेगळी व्याख्या आहे: सर्व्हर अशा विनंतीला यशाचं उत्तर देऊ शकतो, पण मिळणारं सत्र निनावी असतं. कोडला दिसतो तो निकाल शून्य, म्हणजे यश. मग ज्याचं युजरनेम टाकलं त्याच्या नावाने लॉगिन होतं, पासवर्ड माहीत नसतानाही! ओपनएलडॅप हा मुक्त स्रोत सर्व्हर असं बाइंड मूळ सेटिंगनुसार नाकारतो. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी मात्र स्वीकारत आली आहे. ते बंद करण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१९ पासून आहे. ‘आमचा सर्व्हर नाकारतो’ यावर विसंबू नका, हाच कोड उद्या दुसऱ्या सर्व्हरकडे वळवला जाईल. रिकामा पासवर्ड क्लायंटनेच अडवावा, असं तोच आरएफसी सांगतो. ही तपासणी फॉर्मवर नको, बाइंडच्या अगदी आधीच्या ओळीवर हवी. शंका उरली तर बाइंडनंतर सर्व्हरला ‘हू ॲम आय’ (मी कोण म्हणून जोडलोय) विचारा. सत्र निनावी असेल तर उत्तर रिकामं येतं.

फॉल्स आलं म्हणजे पासवर्ड चुकला, हेही तितकंच चूक. कोड ४९ म्हणजे ओळख पटली नाही. ५१ म्हणजे सर्व्हर व्यस्त, ५२ म्हणजे अनुपलब्ध. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ४९ च्या पोटातही ‘५२ई’ हा चुकीचा पासवर्ड आणि ‘७७५’ हे लॉक झालेलं खातं. सगळ्यांना एकच ‘पासवर्ड चुकीचा’ दाखवलात, तर सर्व्हर पडलेला असताना लोक बिचारे पासवर्ड बदलत बसतात.

सर्टिफिकेटचं उत्तर थोडक्यात देता येतं. साध्या बाइंडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा जातो, त्याला टीएलएसचंच (कनेक्शन एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीचंच) काय ते संरक्षण. तपासणी बंद केली की मजकूर एन्क्रिप्ट होतो खरा, पण कुणाच्या हाती पडतो ते कळत नाही. संस्थेच्या सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेची) फाइल द्या आणि आयपीऐवजी सर्टिफिकेटवरचं नाव वापरा. बहुतेक वेळा अडचण एवढीच असते.

शिवाय सुरुवातीला केलेली तपासणी दिवसभर पुरत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगनुसार ९०० सेकंद निष्क्रिय राहिलेलं कनेक्शन तोडते आणि पूलला (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याला) ते कळलेलंही नसतं. म्हणून पूलमधून कनेक्शन उचलताना रूट डीएसई (सर्व्हरची स्वतःबद्दलची मूळ नोंद) वाचून बघा, आणि त्या वाचनाला टाइमआउट द्या. जावाच्या जेएनडीआयमध्ये (एलडॅपशी बोलण्याच्या लायब्ररीत) तो स्वतः दिला नाही, तर थ्रेड उत्तराची वाट बघत अडकून पडतो.