मुक्काम कुठे करायचा, हे गाडी चालवणाऱ्याला ठरवू द्या

धाकटी बहीण बंगळुरूला राहायला गेल्यापासून वर्षातून दोनदा तरी आम्ही पुण्याहून गाडीने जातो. त्यामुळे दिवाळी जवळ आली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, मध्ये मुक्काम कुठे करू?" दर वेळी तेच सांगते, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

अंतर साधारण ८४० किलोमीटर. निम्मं केलं की हुबळी येते, म्हणून बरेच जण तिथे खोली घेतात. काही जण "उद्याचं ओझं आजच कमी करू" म्हणत दावणगेरे, चित्रदुर्गापर्यंत रेटतात. मला दोन्ही पटत नाही. किलोमीटर निम्मे करून उपयोग नाही, तास निम्मे करायला हवेत. पुण्यातून बाहेर पडणं, खंबाटकी, मग साताऱ्यापासून कागलपर्यंत गेली काही वर्षं चाललेली सहापदरीकरणाची कामं, जागोजागी खाली उतरवलेली वाहतूक... कोल्हापूरपर्यंतच्या २३० किलोमीटरला पाच-साडेपाच तास सहज जातात, आणि ते तास थकवणारे असतात. निपाणीनंतर तवंदी घाट ओलांडला की गाडीला वेग मिळतो. म्हणून माझं उत्तर धारवाड. घरात लहान मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर त्याआधी ८० किलोमीटरवर बेळगाव. तिथे मराठीत बोलता येतं, रात्री अपरात्री औषधाचं दुकान विचारायची वेळ आली तर याचं मोल कळतं.

सकाळी सहाला पुणं सोडलं की साडेअकराला कोल्हापूर, जेवून अडीच-तीनला बेळगाव, पाचच्या आत धारवाड. उजेड असतो. हे उजेडाचं मी फार मानते. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. कराडपासून संकेश्वरपर्यंत एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबत्या उसाखाली झाकलेला. अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. दिवसा तिला वळसा घालून पुढे जाता येतं. पुढचा हुबळी-धारवाड बायपासही वर्षानुवर्षं दुपदरीच होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याच रस्त्यावर दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीला अपघात झाला, कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. तिथून जाताना मला अजून भरून येतं. तो टप्पा मी सकाळी, झोप झालेली असताना पार करते.

धारवाडला लवकर पोचण्याचं सुख वेगळंच आहे. साधनकेरीच्या तळ्याकाठी आईबाबांना अर्धा तास पाय मोकळे करता येतात. द. रा. बेंद्रे तिथेच राहायचे. घरी मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा एवढा मोठा कवी झाला, हे बाबा दर वेळी नव्याने सांगतात आणि आम्ही दर वेळी ऐकतो. लाइन बाजारातून पेढा घ्यायचा आणि रात्री एखाद्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. पोट हलकं राहतं, नऊला झोप लागते. सकाळी सहाला निघालं की दीड-दोनपर्यंत बंगळुरू. बंगळुरूच्या वेशीवरच्या नेलमंगलाच्या पुढची संध्याकाळची कोंडी लागत नाही.

पण हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं, त्या चालवणाऱ्याला आपण विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं. २०१९ मध्ये खोली चित्रदुर्गात मी घेतली, चालवत होता नवरा. रात्री दहाच्या सुमारास हावेरीच्या पुढे गाडी डावीकडे सरकत गेली. चाकं कडेच्या खडबडीत पट्ट्यावर घासली, त्या आवाजाने तो जागा झाला. मागे दोन्ही मुलं झोपली होती. आम्ही पुढच्या पेट्रोल पंपावर तासभर काही न बोलता बसलो होतो.

पगारी ड्रायव्हर असेल तर आणखी वाईट. खोली ठरवताना "ड्रायव्हरची सोय आहे ना?" एवढंच विचारतो, आणि "आहे" म्हटलं की आपलं समाधान होतं. बऱ्याच ठिकाणी ती सोय म्हणजे गच्चीवरची गादी, नाहीतर पार्किंगमध्ये गाडीची सीट मागे करून काढलेली रात्र. डास, उकाडा, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. त्याच माणसाच्या हातात आपण दुसऱ्या दिवशी सव्वाचारशे किलोमीटर सोपवतो.

बाबांच्या ऑपरेशननंतर आम्ही ड्रायव्हर घेतला होता. मुक्कामाच्या ठिकाणी त्याला खोली मिळेल असं फोनवर सांगितलं होतं, प्रत्यक्षात मिळाली नाही, आणि तो बिचारा आम्हाला काही बोलला नाही. सकाळी सहाला बाबा खाली आले, त्याचे लाल डोळे पाहिले आणि म्हणाले, "बाळा, रात्री कुठे झोपलास?" तो नुसता हसला. बाबांनी त्याच्या हातात आपल्या खोलीची किल्ली दिली. "माझा पलंग मोकळा आहे. दहापर्यंत उठायचं नाही." आणि स्वतः टाके सांभाळत व्हरांड्यातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले.

त्या दिवशी नेलमंगलाला संध्याकाळची गर्दी पूर्ण लागली. बहिणीकडे पोचायला आठ वाजले.

तेव्हापासून मी खोली ठरवताना ड्रायव्हरच्या खोलीचे पैसे वेगळे धरते आणि पलंग, पंखा, बाथरूम आहे का ते स्पष्ट विचारते. धारवाड-बेळगावच्या आसपास ड्रायव्हरला खरोखरची खोली देणारी ठिकाणं तुम्हाला माहीत असतील तर कृपया इथे लिहा. दिवाळीला निघणाऱ्या सगळ्यांना मी ती कळवेन.