सीडी३० आणि माझं ते घाईचं वाक्य

नमस्कार,

वृषणाच्या गाठी ओळखण्यावरच्या माझ्या लेखात ‘सीडी३० उमटला की एम्ब्रायोनल कार्सिनोमा (वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार)’ असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (सीडी३० हे पेशीवरचं एक प्रथिन. त्याला चिकटणारी अँटिबॉडी लावून स्लाइडवर तपकिरी रंग आला तर तो ‘उमटला’, नाही तर ‘कोरा’; अशा ओळखखुणेला मार्कर म्हणतात.) ‘सीडी३० हा हॉजकिनचा मार्कर; तो उमटला की एम्ब्रायोनल कार्सिनोमा, हे कशाच्या जोरावर लिहिलंत? आणि अनुभवी डोळ्याला एच अँड ई पुरत असताना हा अँटिबॉडींचा खर्च कशाला?’ (हॉजकिन म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग; एच अँड ई म्हणजे स्लाइडला नेहमी दिला जाणारा साधा रंग.) पहिला आक्षेप मान्य. ते वाक्य मी बदललंय.

ही अँटिबॉडी मुळात हॉजकिनच्या पेशींवरच तयार झाली, १९८२ साली जर्मनीत, की-१ या नावाने. ती एम्ब्रायोनल कार्सिनोमालाही चिकटते हे नंतर कळलं. मोनोक्लोनल अँटिबॉडी रेणूचा एक नेमका तुकडा ओळखते. तो कोणत्या गाठीत आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मी लिहायला हवं होतं ते असं: जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणारी गाठ) हे नक्की झालं आणि त्यातला सेमिनोमा प्रकार की एम्ब्रायोनल एवढंच ठरवायचं राहिलं, तर सीडी३० कामाचा. ओसीटी३/४ हा दुसरा मार्कर दोघांच्याही केंद्रकात उमटतो, तो इथे निवाडा करत नाही. सी-किट आणि पेशीच्या कडेने ठसठशीत डी२-४० सेमिनोमाकडे बोट दाखवतात, सीडी३० आणि सॉक्स२ एम्ब्रायोनलकडे. त्यातही गोम आहेच: केमोनंतर उरलेल्या एम्ब्रायोनलमध्ये सीडी३० बरेचदा नाहीसा होतो.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी अडून आहे. अख्खं वृषण समोर आहे, पेशी स्वच्छ, मधून लिम्फोसाइट पेरलेल्या पट्ट्या, अशा वेळी अँटिबॉडींचं अख्खं पॅनेल मागवणं मलाही उधळपट्टीच वाटते. पण पोटामागच्या लसिकाग्रंथीतून सुईने काढलेला, चिरडलेला एवढासा तुकडा? तिथे भरीव वाढणारा योक सॅक ट्यूमर (जर्म सेल ट्यूमरचाच आणखी एक प्रकार) हुबेहूब सेमिनोमा वाटू शकतो. ओसीटी३/४ कोरा आणि योक सॅकमध्ये उमटणारा ग्लिपिकॅन-३ तपकिरी दिसला की सगळं प्रकरणच फिरतं. (एएफपी या योक सॅकच्या दुसऱ्या मार्करवर एकट्यावर विसंबू नका, तो ठिकठिकाणीच उमटतो, छोट्या तुकड्यात हुकतो.) रिपोर्टात ‘शुद्ध सेमिनोमा’ लिहिलं की रेडिओथेरपीचाही विचार होऊ शकतो, योक सॅक असेल तर उपचारांची वाटच वेगळी.

एका बाबतीत मात्र तुमचा एच अँड ईचा आग्रह मला शंभर टक्के पटतो. सेमिनोमात विखुरलेल्या सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट (वारेतल्यासारख्या, अनेक केंद्रकांच्या) पेशी एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाच्या अँटिबॉडीने तपकिरी होतात. नुसता तो रंग बघून कोरिओकार्सिनोमा (वारेसारख्या पेशींचा वेगळा कर्करोग) म्हणणारे भेटतात. कोरिओकार्सिनोमात असते ती सायटोट्रोफोब्लास्टची (वारेतल्या एका केंद्रकाच्या पेशींची) जोड नाही, रक्तस्राव नाही, हे साध्या स्लाइडवर बघायचंच राहून जातं.

केमोनंतर कोरा पडलेला सीडी३० तुमच्या पाहण्यात आला असेल तर जरूर कळवा. मूळ लेखात त्याची भर घालायची आहे.